तिरकी खाच

"आम्हाला कुणी हाकललं नाही, म्हणून आमचं प्रदर्शन लागत नाही."

सॅम झिराडकर हे वाक्य एकदाच बोलला. अजमानच्या वर्कशॉपमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, प्लायवूडच्या थप्पीवर बसून. समोर तय्यब दिव्यांच्या वायरी सोडवत होता. त्याचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "चहा घेणार?" सॅम म्हणाला, घेतो. तेवढ्यावर ते वाक्य मिटलं. पण सॅमच्या आत ते आधीपासून होतं आणि नंतरही राहिलं.

सॅम सुतार. कार्डावर 'वर्कशॉप सुपरवायझर' असं छापलेलं, पण हात सुताराचे. अंगठ्याच्या मुळाशी रंध्यानं घातलेला घट्टा. दुबई-शारजात जी प्रदर्शनं भरतात, सोन्याची, खजुरांची, फ्लॅटांची, त्यांचे स्टॉल त्याच्या वर्कशॉपमधून जायचे. आठवडाभर राबून उभं करायचं आणि प्रदर्शन संपलं की सकाळच्या आत मोडून ट्रकमध्ये भरायचं. आखातात आल्यापासून त्यानं बांधलेलं एकही लाकूड आज जागेवर उभं नाही. याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. कामच तसं होतं.

गाव झिराड, अलिबागजवळ. जात विचारली तर बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेले, घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवारतेली. सिनेगॉगला घरात सगळे मशीदच म्हणायचे. आयटीआय करून सॅम आखातात आला तेव्हा दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पमध्ये त्याच्या वरच्या बंकवर म्हसळ्याचा तय्यब होता. पहिल्याच आठवड्यात तय्यबनं त्याला ओळखलं. "झिराडकर? सॅम? शनवारी दिवा लावायला दुसऱ्याला सांगतोस? अरे, तू तर आमच्याकडचा तेली!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "घाबरू नको. माझ्या तोंडातून जाणार नाही."

आणि गेलं नाही. बाकी सगळ्यांनी नावावरून सॅमला ख्रिश्चन ठरवलं. नाताळला लोक केक आणून द्यायचे. तो खायचा. थँक्यू म्हणायचा. खोटं तो कधी बोलला नाही, फक्त खरं बोलायची वेळ येऊ दिली नाही. अशी वर्षं गेली. मग इथल्या सरकारनं इस्राएलशी हात मिळवले, वर्तमानपत्रांत फोटो आले, दुबईत ज्यूंच्या नियमानं केलेलं कोशर जेवण मिळू लागलं, आणि एक दिवस तय्यब भर कँटीनमध्ये ओरडला, "शनवारतेल्या, आता तर तुझं राज्य!" सगळे हसले. सॅमही हसला. पण सांगायचं कसं हे तो इतक्या वर्षांत विसरून गेला होता. बायको लिनेट ठाण्याची, बेने इस्राएलच. तिला कोकणाचं काही नव्हतं. मुलगी एलिशा इथेच वाढलेली. घरात मराठी बोललं तर इंग्रजीत उत्तर देणारी.

त्या हिवाळ्यात काम आलं. युरोपातल्या ज्यूंच्या वारशाचं फिरतं प्रदर्शन. बऱ्याच शहरांतून फिरून आता दुबईच्या एका दालनात महिनाभर लागणार होतं. फोटो, जुन्या वस्तू, दर गुरुवारी संध्याकाळी त्यांची गाणी, त्यांचं खाणं. भिंती, चौथरे, काचपेट्यांचे पाय, सगळं सॅमच्या वर्कशॉपकडे. दालनाकडून काम बघायला एमिली होती, वसईची, चटपटीत, दोन फोन हातात. ती सॅमला अंकल म्हणायची.

सॅमनं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. मागायच्या आधी त्यानं हात धुतले, शर्टाची बाही खाली केली.

"एमिली, एक टेबल देशील का? शेवटी, बाहेर पडायच्या दाराजवळ. छोटंच."

"कशाला अंकल?"

"आमचं. कोकणातल्या ज्यूंचं. मी छोटा घाणा करतो लाकडाचा, फिरणारा. आणि मलिद्याचं ताट. आमच्याकडे नवस फेडायला मलिदा करतात. पोहे, गूळ, नारळ, फळं. एलियाहू हनबी, आमचा पैगंबर, त्याच्या नावानं."

एमिलीनं दोन्ही फोन खाली ठेवले. "अंकल, तुम्ही ज्यू? आणि मी तुम्हाला ईस्टरची अंडी आणून दिली!"

"छान होती."

"मी विचारते. क्यूरेटर मॅडम बुडापेस्टला असतात, आग्नेश म्हणून. प्रॉमिस नाही करत. थीम युरोप आहे ना."

चार दिवसांनी उत्तर आलं. थीम युरोप होती. एमिलीनं ते फार गोड शब्दांत सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. सॅम म्हणाला, "खलास. काही हरकत नाही." पण तोवर घाण्याची लाट, उखळात फिरणारा तो दांडा, त्यानं कोरून ठेवली होती, वीतभर. ती त्यानं भुशाच्या पोत्यात टाकली.

त्या दिवसापासून त्याच्यात काहीतरी जळायला लागलं. आधी धूरच होता. मग फोटो आले. मोठे करून, लाकडी चौकटींत बसवायचे. बर्फावर घसरणारी मुलं. शिंप्याच्या दुकानापुढे उभं राहिलेलं अख्खं कुटुंब, नोकरासकट. लग्नातला बाजा. एक बाई खिडकीत गादी वाळत घालतेय, मागे पडदा उडतोय. सॅम चौकटीला खिळे मारताना प्रत्येक फोटो जवळून बघायचा आणि त्याला त्या बर्फाचा मत्सर वाटायचा. गादीचा वाटायचा. कुणीतरी कॅमेरा घेऊन त्यांच्या खिडकीखाली उभं राहिलं, याचा वाटायचा. त्यांच्या शिंप्याची सुईसुद्धा काचेत जाणार होती. सॅमच्या आजीचा एकही फोटो नव्हता. होता तो मुंबईला मामाकडे गेला, मामा इस्राएलला गेला, आणि पुढे विचारायला कुणी उरलं नाही.

त्याला फोटोंखालचं वाचता येत होतं. ती बर्फावरची मुलं पुढे कुठल्या गाडीत बसवली गेली, ती गाडी कुठे गेली, हे तो जाणून होता. शाळेत असल्यापासून जाणून होता. अशा माणसांचा हेवा करणारा आपण कोण, असं तो स्वतःला विचारायचा आणि पुढचा खिळा मारायचा. लाज वाटायची. पण लाजेनं हेवा विझत नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात.

घरी तर ते ताटातच आलं. एमिलीला दालनात उभं राहायला, लोकांना माहिती द्यायला माणसं हवी होती. लिनेट अल बर्शाच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. हिंदी, इंग्रजी, बोलणं गोड. सॅमच्याच ओळखीनं एमिलीनं तिला विचारलं आणि लिनेटनं संध्याकाळच्या ड्युटीसाठी हो म्हटलं. तिला ट्रेनिंग मिळालं. आग्नेश बुडापेस्टहून स्क्रीनवर यायची आणि एकेका फोटोची गोष्ट सांगायची. लिनेट त्या गोष्टी घरी आणायची.

"इलोना नावाची मुलगी होती बघ," ती भात वाढताना म्हणाली. "व्हायोलिन वाजवायची. थंडी एवढी की बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून वाजवायची. तिच्या आईनं ते मोजे स्वतः कापले होते." तिचे डोळे भरून आले. भाताचा चमचा तसाच हवेत राहिला.

"माझ्या आजीचं नाव सांग," सॅम म्हणाला.

"काय?"

"माझ्या आजीचं नाव. तुला इलोनाच्या मोज्याची बोटं माहितीयेत. माझ्या आजीचं नाव काय?"

लिनेटनं चमचा खाली ठेवला. "तू सांगितलंस कधी? इतक्या वर्षांत एकदा तरी तिच्याबद्दल बोललास? विचारलं की म्हणायचास, काय सांगायचं, तेल विकायची."

"डॅडी, शी हॅज अ पॉइंट," एलिशा फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

"शेगुलाबाई," सॅम म्हणाला. "नाव शेगुलाबाई."

"बरं," लिनेट म्हणाली. "पुढे?"

पुढे त्याला काही आठवलं नाही. तेलाचा वास येत होता तिच्या लुगड्याला. एवढंच. हे सांगायला त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून तो जेवत राहिला. लिनेटनं जरा वाट पाहिली. मग ती एलिशाला इलोनाचं उरलेलं सांगू लागली, आणि एलिशानं फोन बाजूला ठेवून ऐकलं. सॅमनं मुलीचा तो चेहरा पाहिला. त्या मेलेल्या मुलीकडे त्याच्या मुलीचे कान होते, बायकोचे डोळे होते. त्याच्याकडे भाताचं ताट होतं.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी शेवटची पेटी आली. तिच्यात लाकडाचा एक तुकडा होता, हातभर लांब, काळपट, दोन्ही टोकांना करवतीनं कापलेला. हंगेरीतल्या एका छोट्या गावातल्या घराच्या दाराची उजवी चौकट. घर पाडलं तेव्हा एवढाच भाग वाचवला होता. घर आग्नेशच्या आजीचं होतं. तुकड्याच्या मधोमध बोटभर लांबीची एक खाच होती, आत जरा गुळगुळीत.

एमिलीनं हातमोजे घालून तो टेबलावर ठेवला. "अंकल, हा शोचा मेन पीस. याच्यावर कापड टाकून ठेवायचं. आग्नेश मॅडम स्वतः ओपनिंगला काढणार. ड्रॉइंग आहे, दोन पिनांवर उभा करायचा. यल्ला, चला, मला भिंतीच्या रंगाचं बघायचंय."

सॅम खाचेकडे बघत राहिला. ती काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मेझुझाची जागा. चामड्यावर लिहिलेली प्रार्थना गुंडाळून नळीत घालतात, नळी दाराच्या उजव्या चौकटीला ठोकतात, येता-जाता दोन बोटं लावून ओठांना लावतात. झिराडच्या घराला होता. अजमानच्या फ्लॅटला आतल्या बाजूनं आहे. युरोप असो की कोकण, हे एक सारखंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला त्या पेट्यांतलं काही आपलं वाटलं.

मग त्यानं ड्रॉइंग पाहिलं. ड्रॉइंगमध्ये तुकडा ओळंब्यात उभा होता, आणि त्यामुळे खाच तिरकी होती. वरचं टोक आत झुकलेलं.

"हे चुकलंय," सॅम म्हणाला.

तय्यब शिडीवर दिवा फिरवत होता. "काय चुकलंय?"

"मेझुझा सरळ असतो. उभा. तिरका मेझुझा कुणी पाहिलाय? चौकट वाकलेली असणार. जुनं घर, पाया खचला असेल, मग चौकट कलली, पण मेझुझा सरळच ठोकला. म्हणून खाच अशी. तुकडा जरा कलता लावला पाहिजे, म्हणजे खाच सरळ येते."

"ड्रॉइंगमध्ये सरळ उभा दाखवलाय ना?"

"काढणाऱ्यानं मेझुझा पाहिला नसेल."

"बाबा रे, तू तुझं बघ. मी दिवा कुठे मारू ते सांग."

सॅमनं त्या दिवशी जीव ओतला. वर्कशॉपमधून जुन्या सागाची फळी आणवली.

"या तुकड्यासाठी दोनशे दिरहमचं सागवान? साडेचार हजार रुपये, तेल्या!" तय्यब म्हणाला. "तुझ्या फ्लॅटचं किचनचं दार अजून फुगलेलंय."

सॅमनं पाठीमागची फळी घासली, मेण लावलं, पितळेच्या पिना बसवल्या, आणि खाचेला ओळंबा लावून तुकडा असा धरला की खाच केसभरही इकडेतिकडे नाही. चौकट उजवीकडे झुकली. त्याला ते फार सुंदर दिसलं. खचलेल्या घरात एवढी एकच गोष्ट ताठ. त्यानं कुणी बघत नाही असं पाहून खाचेला दोन बोटं लावली, ओठांना लावली, आणि वर पांढरं कापड टाकलं.

रात्री जेवताना तो स्वतःहून बोलला. असं सहसा होत नसे.

"तुमच्या हंगेरीवाल्यांचा दरवाजा सरळ केला आज."

"म्हणजे?"

त्यानं सांगितलं. सांगताना हातानं फळी दाखवली, खाच दाखवली. लिनेटचा चेहरा हळूहळू बदलला.

"अरे, त्यांच्याकडे तिरकाच लावतात."

"कोण म्हणतं?"

"आग्नेशबाईंनी सांगितलं ट्रेनिंगमध्ये. युरोपात तिरका लावतात. जुना वाद आहे म्हणे, उभा की आडवा. कुणी म्हणालं उभा, कुणी म्हणालं आडवा. मग मधला मार्ग, तिरका. आपल्याकडे सरळ, त्यांच्याकडे तिरका. मला पण माहीत नव्हतं."

सॅम आमटीत भाकरी बुडवून तशीच धरून बसला.

"एमिलीला फोन कर आत्ता," लिनेट म्हणाली. "दोन पिनांचं तर काम आहे."

"करतो."

"विसरशील."

"करतो म्हटलं ना."

त्यानं केला नाही. दुसऱ्या दिवशी एमिली तीनदा समोर आली. एकदा तर तिनं विचारलंही, "मेन पीस ओके ना अंकल?" आणि सॅम म्हणाला, "ओके." तेव्हा ती चूक राहिली नाही, दुसरंच काही झालं, हे त्याला समजलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेपर्यंत यायचं आणि तो ते गिळायचा. सगळं दालन त्यांचं. भिंती त्यांच्या, गाणी त्यांची, मेलेले त्यांचे, बायको त्यांची, मुलगी त्यांची. एक बोटभर जागा आपल्यासारखी उभी आहे, तर राहू दे. कुणाला कळणार आहे? त्यानं आपल्या मनाला असं विचारलं, आणि मनानं उलट विचारलं की कुणाला कळणार नसेल तर मग कशासाठी. फक्त ते कापडाखाली तसं उभं आहे ही एक उबदार, घाणेरडी जाणीव होती. खिशात चोरलेली वस्तू असावी आणि हात सारखा तिच्याकडे जावा, तसं मन तिकडे जायचं.

"केलास फोन?" लिनेटनं विचारलं.

"झालं ते," सॅम म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. सुटाबुटातले, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब, डोक्यावर छोट्या गोल टोप्या घातलेले. एका कोपऱ्यात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन, आधी रडल्यासारखं आणि त्याच सुरात नाचायला लावणारं. टेबलावर विणलेले पाव, खसखशीच्या वड्या, सगळं कुठल्या कुठल्या किचनमधून कोशरचा शिक्का मारून आलेलं. काही मोडलं, हललं तर हाताशी असावं म्हणून फिटिंगवाल्यांना थांबायला सांगितलेलं. सॅम इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खांबापाशी उभा होता. पँटच्या खिशात सवयीनं स्क्रूड्रायव्हर. शेजारी तय्यब, तोंडात वडी.

"गोड आहे रे. तुमच्या मलिद्याची सर नाही, पण गोड आहे."

"तू कधी खाल्लास मलिदा?"

"म्हसळ्यात खाल्लाय. आमच्या शेजारी होते ना तुमचे. प्रसादाला नाही म्हणायचं का?"

आग्नेश उशिरा आली, विमानतळावरून थेट. साठीची, ठेंगणी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात चाकांची बॅग तशीच. सॅमनं मनात तिची उंच, दागिने घातलेली, गर्विष्ठ अशी एक बाई करून ठेवली होती. ही तर अलिबागच्या एसटी स्टँडवर उभी राहिली असती तरी कुणी वळून पाहिलं नसतं. याचाही त्याला राग आला.

तिनं भाषण केलं नाही. एमिलीनं माईक पुढे केला, तिनं मान हलवली. इतकंच म्हणाली, की घरातला मेझुझा महायुद्धाच्या काळात कुणीतरी उपटून नेला. आजी परत आली तेव्हा खाच तेवढी होती. नवीन लावायची हिंमत तेव्हा नव्हती. पण आजी येता-जाता त्या खाचेला बोटं लावायची आणि मलाही उचलून लावायला द्यायची. आता हा तुकडा माझ्या बुडापेस्टच्या घरात दाराशेजारी असतो, आणि मी अजून लावते.

मग तिनं कापड ओढलं.

तय्यबचा दिवा नेमका खाचेवर पडला होता. आग्नेश बघत राहिली. मग तिची मान हळूहळू उजवीकडे कलली, जितकी चौकट कलली होती तितकी. तिनं सवयीनं हात उचलला, दोन बोटं पुढे नेली. बोटं गेली ती तिरकी गेली, आणि कोऱ्या लाकडावर पडली. तिनं पुन्हा नेली. पुन्हा लाकूड. तिसऱ्यांदा तिला डोळ्यांनी बघून खाच शोधावी लागली.

बाजा थांबला होता. "हे कुणी बसवलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर सॅमला बरं वाटलं असतं.

एमिलीचा चेहरा उतरला. "मॅडम, आय ॲम सो सॉरी, इंस्टॉलेशनमध्ये काहीतरी, मी आत्ता—"

"माझ्या नवऱ्यानं बसवलं," लिनेट म्हणाली. ती गणवेशाचा स्कार्फ घालून भिंतीशी उभी होती. तिनं सगळ्यांच्या डोक्यांवरून सॅमकडे पाहिलं, मग आग्नेशकडे. इंग्रजीत, सावकाश बोलली. "आम्ही कोकणातले ज्यू. भारतातले. आमच्याकडे मेझुझा सरळ लावतात. त्याला वाटलं, खाच सरळ पाहिजे. तुमच्याकडे तिरका असतो हे त्याला माहीत नव्हतं."

शेवटचं वाक्य बोलताना तिनं सॅमकडे पाहिलं नाही.

गर्दीनं वाट दिली. सॅमला पुढे यावं लागलं. आग्नेश त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते ओळखायला त्याला वेळ लागला, कारण तसं इथे कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ती खुश झाली होती.

"सरळ?" ती म्हणाली. "उभा? सगळ्या घरांना?"

"सगळ्या."

"कुठलं गाव?"

"झिराड. समुद्राजवळ. मुंबईच्या पलीकडे."

"अजून आहेत तिथे लोक?"

"होते."

"काय झालं त्यांचं?"

अख्खं दालन उत्तराची वाट बघत होतं. पन्नास-साठ माणसं, हातात ग्लास, चेहरे आधीच दुःखाला तयार. सॅम म्हणाला, "काही नाही झालं. गेले."

आग्नेशनं मान डोलावली, जणू तेही एक मोठं उत्तर होतं. मग ती एमिलीकडे वळली. "हे असंच राहू दे. बदलू नका. खाली एक ओळ लिहा, की भारतातल्या कोकणच्या एका ज्यू सुतारानं हा तुकडा त्याच्या घरच्या पद्धतीनं लावला. नाव विचारा त्यांचं. आणि पुढच्या शहरातही असाच लावायचा." ती सॅमला म्हणाली, "माझ्या आजीला आवडलं असतं. तिला माहीत नव्हतं की तुम्ही आहात."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एमिलीनं सुटकेचा श्वास सोडला. "अंकल! टेबल नाही मिळालं, पण हे बघा!" तय्यब मागून पुटपुटला, "गेलास तू काचेत, शनवारतेल्या." आणि लिनेट त्याच्याकडे बघत होती. इलोनाची गोष्ट सांगताना जसे व्हायचे तसे तिचे डोळे झाले होते. इतके दिवस ज्या नजरेसाठी तो आतल्या आत जळला ती त्याच्याकडे आली होती. पण डोळ्यांच्या कडेला एक बारीक सुरकुती होती. ती सुरकुती म्हणत होती, मी तुझ्यासाठी खोटं बोललेय, आता नीट उभा राहा.

सॅम नीट उभा राहिला. त्याला जे हवं होतं ते सगळं होतं. नाव लागणार होतं. गावाचंही लागणार होतं. शहरामागून शहर. त्यानं आतून आनंद यायची वाट पाहिली.

बाजा पुन्हा सुरू झाला. लोक पांगले, खाण्याच्या टेबलाकडे वळले. आग्नेशची बॅग कुणीतरी उचलून नेली. तिला वाटलं, आता आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. ती पुन्हा तुकड्याकडे वळली, आणि सॅमनं पाहिलं, तिची मान पुन्हा कलली. हात उठला, दोन बोटं निघाली, वाटेत थांबली. आता ती चुकतील हे बोटांना कळलं होतं. तिनं हात खाली घेतला आणि जाकिटाच्या खिशात घातला.

सॅम पुढे गेला. तिच्या आणि लाकडाच्या मध्ये उभा राहिला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"अंकल?" एमिली म्हणाली. "अंकल, ठेवायचं ठरलं ना?"

त्यानं खालची पिन सैल केली. मग वरची. एका हातानं तुकडा धरला, तान्ह्या मुलाची मान धरावी तसा, आणि दुसऱ्या हातानं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं, सागाच्या फळीत नवीन भोक पाडलं. मेण लावलेल्या लाकडावर जुनं भोक उघडं पडलं. त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही. मोबाइलमधली लेव्हल काढली, तुकड्याच्या कडेला लावली. बुडबुडा मध्यावर आला. चौकट उभी झाली. खाच तिरकी झाली, वरचं टोक आत झुकलेलं. दोन्ही पिना त्यानं घट्ट केल्या, हात लावून पाहिलं, हलत नव्हतं.

आग्नेश काहीतरी म्हणाली. बहुतेक हेच, की तसं करायची गरज नव्हती. लिनेट एक पाऊल पुढे आली होती आणि तिथेच थांबली होती. तिनं हळूच त्याचं नाव घेतलं, घरात घेते तसं.

सॅमनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. फळीखाली पडलेला लाकडाचा चुरा वाकून मुठीत गोळा केला. एमिलीच्या बाजूनं, बाज्याच्या समोरून, खसखशीच्या वड्यांच्या टेबलाला वळसा घालून तो चालत गेला. तय्यबनं त्याच्या दंडाला हात लावला, त्यानं तो लावू दिला आणि थांबला नाही. काचेचं दार आपोआप उघडलं. मूठ तशीच मिटलेली ठेवून सॅम झिराडकर बाहेर पडला.